अमेरिकेतला वादी आणि खर्चाचा जामीन

चुलतभावाने अमेरिकेत बसून आमच्यावर दिवाणी दावा लावला, तेव्हा ज्याला त्याला एकच सल्ला सुचत होता: घाबरू नका, तारखा पडू द्या, तो कंटाळेल. पण तो तारखांना येतच नव्हता, मग कंटाळणार कसा? त्याच्या वतीने कुलमुखत्यार यायचा, वकिलाच्या मागे उभा राहायचा आणि पुढची तारीख घेऊन मोटरसायकलला किक मारायचा. पारोळ्याहून अमळनेरला खेटे आमचे, दुकान बंद आमचं, वकिलाची फी आमची.

दाव्याचा विषय थोडक्यात असा. आमची जमीन पारोळा तालुक्यात, धुळे-जळगाव रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. माझ्या वडिलांचे, म्हणजे आण्णांचे धाकटे भाऊ नाना यांनी १९८९ साली आपल्या हिश्श्याचे तीन एकर आण्णांना नोंदणीकृत खरेदीखताने विकले आणि बिऱ्हाड नाशिकला हलवलं. फेरफार झाला, सातबारा आण्णांच्या नावावर चढला, तेव्हापासून कापूस आणि मका आम्हीच घेतोय. मग फागणे ते तरसोद महामार्गाचं चौपदरीकरण आलं, एकराचे भाव गुंठ्यात बोलले जाऊ लागले, आणि नानांच्या मुलाला आठवलं की जमीन वडिलोपार्जित होती, आपण तेव्हा अज्ञान (अल्पवयीन) होतो आणि वडिलांना आपला हिस्सा विकायचा अधिकारच नव्हता. नाना आणि आण्णा दोघेही आता नाहीत. बापाने विकलेली वडिलोपार्जित जमीन मुलाला परत मागायची, तर खरेदीदाराने ताबा घेतल्यापासून बारा वर्षांत दावा लावावा लागतो, असं मुदत कायद्याचा १०९ वा अनुच्छेद सांगतो. आमच्या वकील मॅडमनी हा मुद्दा कैफियतीत, म्हणजे दाव्याच्या लेखी उत्तरात, पहिल्याच पानावर घेतला. पण वादीने दाव्यात ‘ताबा कधी दिला हे माहीतच नव्हतं’ वगैरे लिहून ठेवलं होतं. त्यामुळे मुदतीचा निकाल पुराव्यानंतर लागणार, आणि पुरावा म्हणजे काही वर्षं.

माझं खत-बियाण्याचं दुकान आहे. दुकानापुढच्या बाकावर संध्याकाळी चार माणसं टेकतात. त्यातल्या एका म्हाताऱ्या आप्पांनी सगळी हकीकत ऐकून घेतली आणि अहिराणीत एवढंच विचारलं, ‘‘तो तठे, दावा आठे, खर्च कोन देई?’’

मी हाच प्रश्न दुसऱ्या दिवशी मॅडमना विचारला. समजा, आपण जिंकलो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ प्रमाणे कोर्टाने खर्च वादीवर टाकला. तो वसूल कुठून करायचा? मॅडमनी आधी कलम ४४अ समजावलं. इंग्लंड, सिंगापूर असे काही देश सरकारने अधिसूचनेने मान्य केलेत, तिथल्या कोर्टांचे हुकूमनामे आपल्याकडे थेट बजावता येतात, कारण देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी आहे. अमेरिका त्या यादीत नाही. म्हणजे अमळनेरच्या कोर्टाचा खर्चाचा हुकूम घेऊन न्यू जर्सीत वसुलीला जायचं, तर तिथे नवा वकील, नवा दावा. काही हजारांसाठी कोण जाणार?

मग त्यांनी दिवाणी प्रक्रिया संहिता उघडून आदेश २५ दाखवला. दावा कोणत्याही टप्प्यावर असो, प्रतिवादीचा झालेला आणि पुढे होणारा खर्च भागावा म्हणून वादीकडून जामीन घ्यायचा अधिकार कोर्टाला आहे. कारणं मात्र लिहून द्यावी लागतात. साधारणपणे ही कोर्टाची मर्जी. पण एका परिस्थितीत मर्जी उरत नाही, जामीन मागावाच लागतो: सगळेच्या सगळे वादी भारताबाहेर राहत असतील आणि दाव्यातली मिळकत सोडून भारतात त्यांच्यापैकी कोणाचीही पुरेशी स्थावर मिळकत नसेल तर. मुदतीत जामीन दिला नाही तर दावा फेटाळला जातो.

मला हे ऐकून एकदम हुरूप आला. मॅडमनी तिथेच लगाम घातला. ‘‘दावा संपवायचं हे हत्यार नाही. त्याने पैसे भरले की दावा पुढे चालू. आणि रक्कम तुम्हाला वाटते तेवढी मिळणार नाही.’’ दोन्ही गोष्टी पुढे खऱ्या ठरल्या.

अर्ज चार पानांचा होता, पण त्यामागचे कागद जमवणं हे खरं काम. तो परदेशात राहतो हे सिद्ध करायला वेगळं काही लागलं नाही, त्याच्याच मुखत्यारपत्रावर तिथला पत्ता होता. अडचण दुसऱ्या अटीची. एखाद्याकडे मिळकत आहे हे दाखवता येतं, नाही हे कसं दाखवणार? संपूर्ण भारताचे सातबारे कोण काढणार? यावर मॅडमची पद्धत सरळ होती. जिथे मिळकत असण्याचा संभव आहे तिथे शोधायचं, सापडली नाही असं शपथपत्रावर सांगायचं आणि मग त्याला म्हणायचं की असेल तर तू दाखव. त्याप्रमाणे गावचे आठ-अ खातेउतारे काढले, नानांचं जुनं खातं कधी शून्यावर आलं ते फेरफारावरून लावलं, नाशिकच्या राहत्या घराचा उतारा मागवला. ते घर बक्षीसपत्राने मुलीच्या, म्हणजे माझ्या चुलतबहिणीच्या नावावर झालेलं होतं. तलाठी कार्यालय, नगर भूमापन, दुय्यम निबंधक असे हेलपाटे झाले. मात्र बरंचसं आता ऑनलाइन निघतं, हे मान्य करायला हवं. पूर्वी याच कामाला आण्णांच्या पिढीने एक उन्हाळा घातला असता.

अर्जाला निशाणी, म्हणजे कोर्टाचा क्रमांक, पडली आणि समोरच्याचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, मागवला. से यायला अर्थातच तारखा गेल्या. आला तेव्हा त्यात तीन मुद्दे होते. पहिला, हा अर्ज म्हणजे गरिबाला न्याय नाकारायचा डाव आहे. न्यू जर्सीतला सॉफ्टवेअर इंजिनिअर आणि गरीब! दुसरा, दाव्यातली जमीनच कोट्यवधींची आहे, आणखी कसला जामीन? तिसरा, वादीचा पुण्यात फ्लॅट आहे.

दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर कायद्यातच होतं. ज्या जमिनीवर भांडण, ती हमी म्हणून धरता येत नाही. तो हरला तर ती त्याची नसतेच. तिसऱ्या मुद्द्यावर मात्र आमचं तोंड पडलं. पुण्यात खरंच फ्लॅट असेल तर अर्ज कोसळतो. मॅडम न्यायाधीशांना एवढंच म्हणाल्या, फ्लॅट असेल तर सूची क्रमांक दोन, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, दाखल करावी. ती पुढच्या तारखेला आली नाही. त्याच्या पुढच्या तारखेला आली, आणि त्यात घेणार म्हणून एकच नाव होतं, त्याच्या बायकोचं. बायकोची मिळकत ती बायकोची. हे त्यांच्या वकिलाला आधीच ठाऊक असणार असा माझा संशय आहे, कारण कागद देताना त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही.

यानंतर त्यांनी जी चाल खेळली ती मला अजूनही कौतुकास्पद वाटते. कायद्याची अट आहे ‘सगळे वादी’ परदेशी असण्याची. एक जरी वादी भारतात राहणारा निघाला की सक्तीचा भाग गळून पडतो. म्हणून त्यांनी नाशिकच्या बहिणीला सहवादी करायचं ठरवलं. कुलमुखत्यार वकीलपत्र घेऊन तिच्या दारात गेला आणि म्हणाला, ‘‘ताई, फक्त सही पाहिजे, बाकी तुम्हाला काही बघायचं नाही.’’

रात्री तिचा फोन आला. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ती अजून आमच्याकडे येते, आण्णा गेल्यावरही ते थांबलं नाही. मी तिला सही करू नको असं म्हटलं नाही, ते म्हणणं बरोबरही नव्हतं. तिचा हक्क असेल तर तिने जरूर मागावा, पण एखाद्या वकिलाला विचारून मागावा, एवढंच म्हणालो. तिने नाशिकमध्ये विचारलं. तिथल्या वकिलाने तिला एकच गोष्ट सांगितली: भाऊ अमेरिकेत, तुमचं घर नाशकात. दावा हरला तर खर्चाची वसुली कोणाच्या दारात येईल? बहिणीने वकीलपत्र सहीची जागा कोरी ठेवून परत पाठवलं. नंतर मला म्हणाली, ‘‘भाऊ, तुझ्यासाठी नाही रे, माझ्या घरासाठी.’’ मला ते आवडलं. मग आम्हीच अर्ज देऊन तिला प्रतिवादी करून घेतलं, म्हणजे तिचं म्हणणं तिच्याच तोंडून कोर्टापुढे येईल.

युक्तिवाद झाला. आम्ही मागितले होते पावणेदोन लाख, हुकूम झाला पन्नास हजारांचा. रोख भरा किंवा तेवढ्या रकमेचा लायक जामीनदार द्या. मी थोडा हिरमुसलो. पण हिशोब कसा धरतात ते मॅडमनी दाखवलं. वकील फी म्हणून आपण प्रत्यक्ष दिलेली रक्कम धरली जात नाही, नियमांच्या तक्त्यात बसेल ती धरली जाते. त्यात स्टॅम्प, समन्सचा खर्च, साक्षीदारांचा भत्ता, नकला, फार तर कोर्ट कमिशनरच्या मोजणीचे पैसे. माझं बंद दुकान, हंगामात बुडालेली गिऱ्हाइकं, अमळनेरचं पेट्रोल यांना त्या तक्त्यात खाना नाही. खोट्या किंवा त्रास देण्यासाठी लावलेल्या दाव्याबद्दल कलम ३५अ मध्ये वेगळी भरपाई आहे, तर तिची कमाल मर्यादा तीन हजार रुपये! सेलम ॲडव्होकेट बार असोसिएशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली स्पष्ट म्हटलंय की खर्च वास्तव असावा, त्यात गेलेला वेळ, प्रवास, मुक्काम, वकिलाची फी हे सगळं यावं. मॅडमनी तो निकाल जोडला होता. तो होता म्हणून पन्नास तरी झाले, नाहीतर वीसावर आटोपलं असतं, असं त्यांचं मत.

खर्चाच्या जामिनाकडे पैसे मिळवायचा मार्ग म्हणून पाहिलं तर पदरी निराशाच येते. माझ्या अनुभवात त्याचा उपयोग वेगळाच झाला. दावा कोणाच्या पैशावर उभा आहे, ते त्यामुळे उघड्यावर आलं.

झालं असं, की रोख भरण्याऐवजी त्यांनी जामीनदार आणला. जामीनदार कोण? महामार्गाच्या कडेने प्लॉट पाडून विकणारा एक गृहस्थ, चुलतभावाचा ना नातेवाईक ना शाळासोबती. त्याने ऐपतीचा दाखला आणि आपल्या शेताचा सातबारा जोडला होता. आता उधारीवर खत देणाऱ्या दुकानदाराला एक सवय असते: सातबारा हातात आला की नाव आणि क्षेत्र नंतर, आधी उजवीकडचा इतर अधिकाराचा रकाना. तिथे विकास सोसायटीचा बोजा होता आणि त्याखाली एका बँकेचा, तो याहून मोठा. मी बोट ठेवून मॅडमना दाखवलं. ऐपतीचा दाखला या बोजांच्या आधीचा होता. न्यायाधीशांनी दोन्ही तारखा ताडून पाहिल्या आणि जामीनदार नाकारला.

पण मॅडमच्या डोक्यात वेगळंच चक्र सुरू झालं होतं. परक्या माणसाच्या दाव्यासाठी हा पन्नास हजारांची जोखीम का घेईल? त्यांनी आमचाच गट नंबर टाकून नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोध घ्यायला लावला. आतापर्यंत आम्ही त्याची मिळकत शोधत होतो, आमच्याच गटात काही नोंदलं गेलंय का हे पाहायचं कोणाला सुचलं नव्हतं. सापडलं. दावा दाखल झाल्यानंतर चारच महिन्यांनी नोंदवलेलं साठेखत, म्हणजे पुढे विक्री करायचा करार. लिहून देणार चुलतभाऊ, कुलमुखत्यारामार्फत. लिहून घेणार हेच जामीनदार महाशय. दावा जिंकल्यावर अर्धी जमीन त्यांची, आणि अटींत एक वाक्य: सदर दाव्याचा संपूर्ण खर्च लिहून घेणार यांनी करावयाचा आहे. नक्कल हातात आली तेव्हा मॅडमनी ते वाक्य दोनदा मोठ्याने वाचलं.

दुसऱ्याच्या दाव्याला पैसे पुरवणं आपल्याकडे मुळात बेकायदा नाही. वकिलाने आपल्या अशिलाच्या दाव्यात पैसे घालायचे नाहीत, तिऱ्हाइताला तशी सरसकट बंदी नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ साली ए. के. बालाजी यांच्या खटल्यात नमूद केलंय. पण मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या हद्दीतल्या कोर्टांसाठी आदेश २५ ला एक तिसरा नियम जोडलेला आहे. दाव्याला पैसा मिळावा म्हणून वादीने दाव्यातल्या मिळकतीत हिस्सा द्यायचं कबूल केलं असेल, तर पैसे लावणाऱ्याला कोर्ट दाव्यात ओढू शकतं. तो राजी असेल तर वादी म्हणून, नसेल तर प्रतिवादी म्हणून. आणि दोन्हीकडे त्याच्याकडून खर्चाचा जामीन मागता येतो. दिला नाही, तर त्या मिळकतीत हक्क सांगायला त्याला मज्जाव.

आमचा दुसरा अर्ज या नियमाखाली गेला. गृहस्थांना नोटीस लागली, बेलीफाने ती त्यांच्या साइट ऑफिसात बजावली. ते एकदा वकिलासह आले, वादी व्हायला नकार दिला. मग त्यांना प्रतिवादी करून जामिनाचा हुकूम झाला. मुदत संपली, पैसे आले नाहीत, आणि साठेखतातून येणारा कसलाही हक्क त्यांना या मिळकतीत सांगता येणार नाही असा आदेश निघाला. रोजनाम्यात दोन ओळींत आलं ते. त्यानंतर त्या गृहस्थांनी कोर्टाची पायरी चढल्याचं मी पाहिलं नाही. कुलमुखत्यारही बदलला, जुना त्यांचाच माणूस होता हे तेव्हा उमगलं.

आता चुलतभाऊ एकटा राहिला आणि त्याची स्वतःची पन्नास हजारांची मुदत डोक्यावर होती. त्याने एकदा वाढवून मागितली, कोर्टाने दिली. आमच्या बाकावरची मंडळी रोज विचारत, ‘‘उडाला का दावा?’’ मी सांगून ठेवलं होतं की उडाला तरी फटाके वाजवायचे नाहीत, कारण फेटाळलेला दावा सबळ कारण दाखवून पुन्हा उभा करायची सोय आदेश २५ च्या नियम दोनमध्ये आहे, फक्त आम्हाला नोटीस द्यावी लागते. ती वेळ आली नाही. मुदतीच्या शेवटच्या दिवशी त्याच्या वकिलाने नाझराकडे चलनाने रोख रक्कम भरली. पावतीची प्रत आम्हाला मिळाली.

त्याच रात्री उशिरा त्याचा व्हॉट्सॲपवर फोन. दावा लागल्यापासून पहिल्यांदाच.

‘‘दादा, पन्नास हजारांसाठी एवढं ताणलंस?’’

‘‘ते माझ्याकडे कुठे आलेत? कोर्टात आहेत. जिंकलास तर परत घे.’’

थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, मीही त्याच्या मुलांची केली. साठेखताचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही.

दुकानात अधूनमधून लोक हा विषय विचारायला येतात. एका गिऱ्हाइकाचा भाऊ सुरतला लूमवर कामाला आहे, त्याने वाटणीचा दावा लावलाय. त्याच्याकडून असा जामीन घेता येईल का? मी त्याला सांगितलं की सुरत भारतात आहे. वादी इथेच राहणारा असेल, तर नुसता गरीब आहे म्हणून कोर्ट त्याच्यापुढे पैशांची भिंत उभी करत नाही, आणि करूही नये. शिवाय वाटणीच्या दाव्यात भावाला त्याचा हिस्सा द्यायचा सोडून जामिनाच्या वाटा शोधणारा माणूस मला फारसा पटत नाही. तो खत घेऊन गेला, परत त्याने विषय काढला नाही. ज्यांचा वादी खरोखर परदेशात आहे, त्यांना मात्र सांगतो की अर्ज कैफियतीबरोबरच द्या. कायद्याने तो कधीही देता येतो, पण पुरावा संपत आल्यावर दिला तर इतके दिवस का थांबलात, हा प्रश्न येतोच. आणि आपल्या गटाचा शोध दर काही महिन्यांनी घेत राहा.

आमच्या दाव्यात आता कोर्टाने ठरवायचे मुद्दे निघालेत. वादीचा पुरावा सुरू व्हायचाय. नव्या कुलमुखत्याराने स्वतःचं सरतपासाचं, म्हणजे मुख्य साक्षीचं, शपथपत्र तयार ठेवलं होतं. मॅडमनी सर्वोच्च न्यायालयाचा २००४ चा जानकी भोजवानी यांचा निकाल पुढे केला: मुखत्याराने केलेल्या कामांबद्दल मुखत्यार बोलू शकतो, वादीच्या स्वतःच्या माहितीतल्या गोष्टींवर वादीच्या जागी साक्ष देऊ शकत नाही. १९८९ साली घरात काय घडलं, ताबा कधी गेला, कळलं कधी, हे चुलतभावालाच सांगावं लागेल. त्याने व्हिडिओवरून साक्ष द्यायची परवानगी मागितलीय, आमची हरकत नाही, फक्त अस्सल खरेदीखत समोर ठेवून उलटतपास व्हावा एवढं म्हणणं आहे. त्यावर हुकूम व्हायचा आहे. निकाल आमच्या बाजूने लागला आणि तो अपिलात गेला, तर आदेश ४१ नियम १० खाली तिथेही खर्चाचा जामीन मागता येतो. त्या अर्जाचा कच्चा मसुदा मॅडमनी आत्ताच फाइलला लावून ठेवलाय.